साचा एक, तारीख एक

"तुम्हाला ते औषध चालत नाही, हो ना? अंगावर गांधी उठतात," दातांच्या दवाखान्यातली काउंटरवरची मुलगी कॉम्प्युटरवरून नजर न उचलता म्हणाली, आणि धाकटीच्या तोंडून "हो" निघून गेलं. विचार न करता, कुणी जेवलीस का विचारल्यावर निघतं तसं. खरं तर धाकटीला सगळं चालायचं. हिला दगड खायला घाला, पचवील, हे तिच्याबद्दलचं घरातलं ठरलेलं वाक्य होतं. गांधी उठायच्या त्या थोरलीच्या अंगावर. शाळेत असताना घसा धरला म्हणून डॉक्टरांनी कुठल्याशा कॅप्सूल दिल्या आणि दुपारपर्यंत थोरलीचे डोळे मिटले, ओठ सुजून टम्म झाले, आईची धावपळ उडाली, आणि ही बया आरशासमोर उभी राहून त्या सुजलेल्या तोंडानं हसत होती, "बघ गं, एकदाच्या आपण वेगळ्या दिसायला लागलो!" दोघी जुळ्या. काही मिनिटांच्या फरकानं एक थोरली झाली, एक धाकटी, आणि त्या काही मिनिटांचा मोठेपणा थोरलीनं जन्मभर गाजवला. जन्मभर म्हणजे तरी किती? थोरली जाऊन तीन वर्षं होत आली होती. आणि ही काउंटरवरची मुलगी, जिनं तिला कधी पाहिलंही नसणार, तिच्या अंगावरच्या गांधींची चौकशी करत होती.

"आणि समोरचा दात? कपची उडाली होती ना त्याची, भरून घेतलेला. तो त्रास देत नाही ना आता?"

धाकटीनं ओठ घट्ट मिटले. तिचे समोरचे दात चांगले धड होते; हसली असती तर मुलीला दिसलेच असते. कपची उडाली होती ती थोरलीच्या दाताची, आणि उडणार नाही तर काय! थोरली गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. जाड रेक्झिन, त्याला तसाच जाड दोरा, आणि गळ्यात कात्री लटकत असताना बाईसाहेब दोरा तोडायच्या तो दातानं. आई ओरडायची, बाबा होते तोवर बाबाही ओरडायचे. थोरली म्हणायची, "कात्री हातात घेईपर्यंत माझे दोन टाके होतात." धाकटी मुलीला म्हणाली, "नाही, आता काही त्रास नाही." तसं ते खोटंही नव्हतं. मुलीनं "छान" म्हणून काहीतरी टिपलं, डॉक्टरीणबाईंनी फाइल वगैरे न बघता दात साफ करून दिले, आणि धाकटी रस्त्यावर आली ती पाय जमिनीला लागत नसल्यासारखी. घाबरली होती का? घाबरायलाच हवं होतं. पण छातीत जे धडधडत होतं ते भीतीचं नव्हतं. तीन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी थोरलीबद्दल ती असल्यासारखं बोललं होतं.

हे कसं झालं ते कळायला तिला फार लांब जावं लागलं नाही. पुढच्या चौकात सिग्नलला थांबेपर्यंत सगळं लख्ख कळलं. तिचंच काम होतं ते. धंद्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत ती इतकी वर्षं काम करत होती, आणि तिथं तिनं बनवलेली पहिली चीज म्हणजे गाळणी. बनवली होती पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यासाठी. त्याच्या गोदामात एकाच भागाच्या चार-चार नोंदी असायच्या, कारण एक कारखाना त्याला चकती म्हणायचा, दुसरा वॉशर, तिसरा नुसताच आकडा द्यायचा; आणि गिऱ्हाईक दारात आलं की माल फडताळावर असूनही नाही म्हणायची वेळ यायची. पंपवाल्यानं तिला गोदामभर फिरवलं होतं, तेलानं काळे झालेले हात पाठीमागे धरून. "नावावर जायचं नाही, पोरी," तो म्हणाला होता. "नाव काय, जो तो तोंडाला येईल ते ठेवतो. वस्तू उलटी कर. कुठल्या साच्यातून निघाली बघ, कुठल्या तारखेला ओतली बघ, माप बघ. साचा एक, तारीख एक, माप एक, की वस्तू एक. मग खुशाल एकात एक घाल." तिनं ते जसंच्या तसं उतरवलं. साचा, तारीख आणि माप जुळलं की गाळणी दोन नोंदींची एक करायची. जिची हालचाल अलीकडची ती वर राहायची, जुनी तिच्या पोटात जायची, सगळ्या इतिहासासकट. वरचीत एखादी जागा रिकामी असली तर तिथं जुनीतलं भरायचं, आणि दोन्हीकडे काही लिहिलेलं असलं तर नवं ते खरं. नाव मात्र बघायचंच नाही. त्याचीच तिला मोठी ऐट होती. पंपवाल्याचं गोदाम सुतासारखं सरळ झालं, आणि म्हातारा भेटेल त्याला तिचं कौतुक सांगत सुटला.

तिथून मालकांनी हाताशी धरलं. कंपनीच्या मालकांना पाठीमागे सगळे दहाविके म्हणत, जणू ते आडनावच असावं, कारण कुठल्याही मीटिंगमध्ये त्यांचं एक वाक्य ठरलेलं: एकदा बनवा, दहा ठिकाणी विका. माणूस वाईट नव्हता. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या डब्यात हात घालायचा, स्वतःचा डबाही पुढे करायचा. "अगं, धंदा कुठलाही असू दे," ते म्हणायचे, "गोंधळ सगळीकडे तोच. काहीतरी येतं, कुठंतरी राहतं, कधीतरी निघून जातं. मधल्या मधे ते सापडायला हवं, बस्स. ते काय आहे याच्याशी आपल्याला काय घेणं?" गाळणी गोदामातून चष्म्याच्या दुकानात गेली, तिथून ग्रंथालयात, तिथून ट्रकवाल्यांकडे, आणि खरं सांगायचं तर सगळीकडे चालली. बसवायला जाणारी पोरं नुसते कप्पे बदलायची. ग्रंथालयात साचा म्हणजे प्रकाशक. दातांच्या दवाखान्यात साचा म्हणजे घरचा पत्ता, तारीख म्हणजे जन्मतारीख, माप म्हणजे रक्तगट. धाकटीला कुणी विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं तरी तिनं मान डोलावली असती. एका पत्त्यावर राहणारी, एका दिवशी जन्मलेली, एकाच रक्तगटाची दोन माणसं? कोण असणार अशी? तिच्या डोक्यातही आलं नसतं. तिच्या! सिग्नल हिरवा झाला, मागचे लोक तिला धक्के देत पुढे गेले, आणि ती तिथंच उभी राहून हसत होती. ते हसणं तिला स्वतःलाच आवडलं नाही.

घरी आई भाजी निवडत बसली होती. "झाले दात?" तिनं विचारलं ते हातातल्या भाजीला. थोरली गेल्यापासून आई धाकटीशी बोलताना दुसरीकडेच बघायची. भिंतीकडे, ताटाकडे, वाळत घातलेल्या कपड्यांकडे. सुरुवातीला धाकटीला वाटलं, दुःख आहे, जाईल. मग एकदा आई म्हणाली, "केस काप ना जरा, किती उकडतं हल्ली." पुन्हा काही दिवसांनी, "तू चष्मा का नाही गं लावत? डोळ्यांवर ताण येतो त्या कॉम्प्युटरचा." तेव्हा तिला कळलं. तिच्या धडावर थोरलीचा चेहरा होता आणि तो घरात हिंडत होता, पाणी पीत होता, पंखा लाव म्हणत होता. काकू आली की दारातच दचकायची आणि मग उगाच चपलांबद्दल काहीतरी बोलायची. धाकटीनं केस कापले. तर ती थोरलीसारखीच दिसली, केस कापलेल्या थोरलीसारखी. दुकानाच्या काचेत अचानक स्वतःला पाहिलं की ती क्षणभर थांबायची, काचेतली बाई आधी हसते का बघायला. थोरलीला साधा ताप आला होता. साधा म्हणून अंगावर काढला, आणि तो डोक्यात गेला. मोठ्या इस्पितळाच्या काचेच्या दाराआड ती होती आणि दाराबाहेर धाकटी, आणि आत-बाहेर करणारी एक नर्स दर खेपेला तिच्याकडे बघून गडबडायची.

ऑफिसात यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. थोरली गेल्याचं नाही, आणि थोरली होती हेही नाही. त्यालाही कारण होतं. लहानपणापासून जाईल तिथं "अय्या, जुळ्या!" ऐकून तिचे कान किटले होते. शाळेत दोघींना एकच हाक, वाढदिवसाला एकाच रंगाचे दोन फ्रॉक, एकीनं केलेल्या खोडीचे दोघींना धपाटे. नोकरी लागली तेव्हा तिनं ठरवलं की एक जागा तरी अशी हवी, जिथं आपण एकट्या असू. थोरलीला ते कळलं तेव्हा ती रागावली नाही. "लपवतेस काय गं मला?" म्हणाली, "मी काय चोरीचा माल आहे?" आणि मग मुद्दामच कधीतरी संध्याकाळी धाकटीच्या ऑफिससमोरच्या रस्त्यावर पलीकडच्या फुटपाथला उभी राहायची, डोक्यावर ओढणी घेऊन, हेरासारखी. दोघी कोपऱ्यावर भेटेपर्यंत एकमेकींना ओळख दाखवायच्या नाहीत आणि कोपरा वळल्या की पोट धरून हसायच्या. थोरली गेली तेव्हा धाकटीनं ऑफिसात कळवलं, घरी आजारपण आहे. पुन्हा कामावर गेली, जागेवर बसली. कुणी काही विचारलं नाही, कारण कुणाला विचारण्यासारखं काही दिसलंच नाही. तिला वाटलं होतं, निदान इथं तरी हा चेहरा फक्त आपला आहे. पण तसं काही झालं नाही. इथं तर थोरली कधी नव्हतीच, आणि नसलेल्या माणसासाठी रडायचं कसं?

म्हणून ती दवाखान्यात पुन्हा गेली. दातांना काही झालेलं नव्हतं, हे सांगायलाच नको. हिरडी ठणकते म्हणाली, गार लागलं की झिणझिण्या येतात म्हणाली. डॉक्टरीणबाई घाईत असायच्या. दुखतं तेवढ्या जागेवर पिचकारी मारून, एक मलम लिहून मोकळ्या व्हायच्या. धाकटीला त्यांच्याशी कर्तव्यच नव्हतं. तिला काउंटर हवा होता. काउंटरवरची मुलगी बोलकी होती, आणि फाइल बघत गप्पा मारायची तिची सवय होती. "बाप रे, तुम्ही त्या दाढेसाठी किती खेटे घातलेत! शेवटी काढलीच." "हो ना," धाकटी म्हणायची, "फार छळलं तिनं." "आणि भुलीला घाबरत नाही तुम्ही? इथं लिहिलंय, पेशंट हसते." "घाबरायचं काय त्यात?" धाकटी म्हणायची, आणि तिच्या तोंडून येणारा आवाज तिचा नसायचा, जरा मोठा, जरा उर्मट असायचा. घरी आल्यावर तो आवाज थोडा वेळ अंगात राहायचा. एके दिवशी कुडत्याचं बटण लावताना कात्री समोर असूनही तिनं दोरा दातानं तोडला. आई समोरच होती. आईनं वर पाहिलं, पार तिच्या डोळ्यांत पाहिलं, आणि भाजीची परात उचलून आत निघून गेली. धाकटीला शरम वाटली. तरी दुसऱ्या दिवशी ती तसंच करून बसली.

इकडे दहाविक्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं. मोठं इस्पितळ मिळालं होतं. शहरात जन्मलेलं निम्मं माणूस तिथलंच; पंचवीस-तीस वर्षांचे कागद त्यांनी कॉम्प्युटरवर चढवले होते आणि आता त्यांना त्यातला गोंधळ निस्तरून हवा होता. म्हणजे गाळणी. धाकटीनं मीटिंगमध्ये ऐकलं, आणि आता तिला माहीत होतं. एका फाइलीतलं औषध दुसऱ्याला जाईल, एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर लागेल, आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. सांगायला हवं होतं. उद्या सांगू, म्हणून ती गप्प बसली. उद्या आला, सोमवारी सांगू असं ठरलं. सोमवारी दहाविके दिवसभर बाहेर होते, त्याचं तिला केवढं बरं वाटलं! कारण सांगितलं की गाळणी उघडणार, दवाखान्यातली तिची फाइल सोडवणार, एकीच्या दोन होणार, आणि दोन झाल्या की त्यातली एक कोण हे विचारलं जाणार. आता होती तशी थोरली निदान कुठंतरी येत-जात होती, तिला पुढची तारीख मिळत होती. आणखी एक गोष्ट तिला सुचली होती, आणि ती मात्र फार वाईट होती. त्या इस्पितळात धाकटीची शेवटची नोंद लहानपणीची होती, हात मोडला तेव्हाची. थोरलीची तीन वर्षांपूर्वीची. म्हणजे तिथं थोरली वर राहील आणि आपण तिच्या पोटात जाऊ. आणि थोरलीच्या फाइलची शेवटची ओळ काय आहे ते धाकटीला माहीत होतं; ती गेल्याच्या कागदावर तिनंच सही केली होती. वाईट हे नाही की हे तिला सुचलं. वाईट हे की त्याची भीती वाटायच्या ऐवजी तिला जरा सुटल्यासारखं वाटलं.

त्या आठवड्यात ती पुन्हा दवाखान्यात गेली तेव्हा बाकावर एक बाई बसली होती, तिच्या दोन बाजूंना दोन मुली. पहिलीत वगैरे असतील. एकसारखे फ्रॉक, एकसारखे भांग, फक्त एकीचा गाल सुजलेला. धाकटीनं मान वळवली, पण जागा त्यांच्याच शेजारी होती. बाईला बोलायला कुणीतरी हवंच होतं. "दिवसभर नुसता उच्छाद असतो हो," ती म्हणाली. "एक रडली की दुसरी रडते. दात दुखला हिचा, तर तोंड धरून बसलीय ती." धाकटी हसली. "सगळं सारखं बघा दोघींचं," बाई सांगू लागली, "एवढं सोडून. हिला ते सुन्न करायचं इंजेक्शन सोसत नाही. मागे दुसऱ्या डॉक्टरांकडे दिलं तर पोर अशी पांढरीफटक पडली, श्वास लागेना. माझे हातपाय गळाले. तेव्हापासून मी पहिल्यांदा तेच लिहून देते. इथंही दिलंय, आलो तेव्हाच." इतक्यात काउंटरवरच्या मुलीनं पुकारा केला. सुजलेल्या गालाची पुढे झाली. मुलगी कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली, "हिची दाढ गेल्या महिन्यातच भरलीय की."

"ती ही नाही, ती दुसरी," आई म्हणाली.

"पण इथं एकच दिसतेय."

"अहो, दोन आहेत! मी दोन जन्माला घातल्यात, मला माहीत नाही होय?" बाकावरचे सगळे हसले. आईही हसली. काउंटरवरची मुलगी लाजली आणि म्हणाली, "असू दे, असू दे, याच फाइलवर घेते." सुजलेल्या गालाची पोर काउंटरच्या कडेला हनुवटी टेकून उभी होती. "मी आहे ना," ती म्हणाली, पण ते कुणी फारसं ऐकलं नाही. दुसरी तेवढ्यात पाण्याच्या नळाशी खेळायला लागली होती म्हणून आई तिच्यामागे धावली, आणि काउंटरवरच्या मुलीनं आतल्या दाराकडे तोंड करून हाक दिली, "मॅडम, इंजेक्शनचं काही नाही हिला! सगळं चालतं!"

रिकाम्या जागी जुनीतलं भरायचं. दोन्हीकडे लिहिलेलं असलं तर नवं ते खरं. दुसरी गेल्या महिन्यात आली होती, आणि तिच्या आईनं तिच्या रकान्यात लिहून दिलं होतं, सगळं चालतं. धाकटीच्या डोळ्यांसमोर ते सगळं लख्ख उभं राहिलं. आपण गाळणीतली ती ओळ कुठल्या खुर्चीवर बसून लिहिली, तेव्हा खिडकीबाहेर कुणाची गाडी सुरू होत नव्हती, पंपवाल्याच्या गोदामातला तेलाचा वास. ती उठली. उठताना तिची पिशवी खाली पडली, बाटली घरंगळत बाकाखाली गेली. "थांबा," ती म्हणाली, आणि आवाज इतका मोठा निघाला की नळाशी गेलेली आई वळून बघायला लागली. "तिला आत नेऊ नका. आधी आईला विचारा, हिला इंजेक्शन चालतं का ते."

"नाही चालत!" आई ओरडली. "दिलंय मी लिहून!"

"दिलंय," धाकटी म्हणाली. "पण ते आता कुणाला दिसत नाही." डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, काउंटरवरच्या मुलीचा चेहरा पार उतरला, आई सुजलेल्या गालाच्या पोरीला कमरेवर घेऊन कुणावर ओरडावं ते न कळल्यामुळे सगळ्यांवर ओरडायला लागली. धाकटीनं ओरडून घेतलं. बाकाखालची बाटली तशीच टाकून ती थेट ऑफिसात गेली.

दहाविक्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेनाचं टोपण काढत आणि लावत. "हे बघ," ते म्हणाले, "पोरीला काही झालं नाही ना? देवाची कृपा. पण एका जोडीसाठी अख्खी गाळणी मागे घ्यायची? इस्पितळवाल्यांना मी काय सांगू? ते म्हणतील लहान मुलं आहेत, आईबापांनी घोळ घातला असेल. मोठ्या माणसाचं एखादं उदाहरण दाखव मला. एक धड उदाहरण, आणि मी आत्ता फोन उचलतो."

धाकटीनं त्यांच्या कॉम्प्युटरवर दवाखान्याची यादी उघडली आणि स्वतःची फाइल समोर आणली. ते वाचू लागले. "ही तूच की. दाढ काढलेली, कपची, औषध... बरं, मग?"

"यात दोघी आहेत," ती म्हणाली. "मला जुळी बहीण होती."

टोपण थांबलं. "होती म्हणजे?"

"वारली." तिनं हा शब्द आजवर कुणासमोर उच्चारला नव्हता, आईसमोर तर नाहीच. तो बाहेर आला तेव्हा फार छोटा वाटला. "तीन वर्षांपूर्वी. मी सुट्टी घेतली होती ना, घरी आजारपण आहे म्हणून. तेव्हा."

दहाविके तिच्याकडे बघत राहिले. तिच्या चेहऱ्याकडे, नजर न हटवता. आणि तिला जाणवलं, इतक्या दिवसांत असं बघणारं हे पहिलंच माणूस, कारण याला त्यात दुसरं कुणी दिसत नाही. "त्या आठवड्यात मी तुला सारखा फोन करत होतो," ते हळू म्हणाले. "चष्मेवाल्याचं काम अडलं होतं."

"हो."

"आणि तू मला सगळी उत्तरं दिलीस. इस्पितळातून?"

"जिन्यातून," ती म्हणाली.

ते उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले. "अगं, सांगायचं नाही का?" म्हणाले. आणि मग, "बरं. नाव घे मग गाळणीत. नावही जुळलं तरच एक करायचं."

"पत्ता बदलतो, लग्नानं नाव बदलतं, लिहिणारा घाईत असतो. माणसांची नावं बघायची म्हटलं की दरवेळी कुणीतरी माणसानं बसून विचारायला लागेल, तू कोण. मग ती गाळणी राहत नाही, सर. दुसरंच काहीतरी होतं."

"मग दुसरं बनव," दहाविके म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला. नंबर लावता लावता त्यांना राहवलं नाही. "पण ते दुसरं... बाकीच्या इस्पितळांना तरी चालेल ना गं?" आणि धाकटीला, का कोण जाणे, त्या क्षणी ते फार आवडले.

दवाखान्यातल्या जोड्या सोडवायला तीच गेली. काउंटरवरच्या मुलीला शेजारी घेऊन एकेकाला फोन लावले. कुणी भाऊ निघाले, कुणी बहिणी, कुणी खरंच एकच माणूस, दोनदा लिहिलेला. बहुतेक जण चेष्टेवारी नेत. सगळ्यात शेवटी तिची स्वतःची फाइल उरली. मुलीला तोवर कळलं होतं. ती म्हणाली, "ताई, मी तुम्हाला काय काय विचारत होते!" धाकटी म्हणाली, "बरं वाटायचं मला." पण सोडवायचं कसं? जुनी कार्डं कधीच रद्दीत गेली होती, आणि कुठल्या खेपेला कोण आलं होतं ते आठवणीवर सोडणं बरं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोपं आहे. खुर्चीत बसा."

ती खुर्चीत आडवी झाली. वरचा दिवा डोळ्यांवर आला. डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा घातला आणि मुलगी दारातल्या कॉम्प्युटरवरून एकेक ओळ वाचू लागली. वरची डावी दाढ, काढलेली. "आहे की जागेवर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग हे त्यांचं." समोरचा दात, कपची. "धड आहे. त्यांचं." खालच्या उजव्या दाढेत चांदी. आरसा फिरला. "नाही. त्यांचंच." मुळापर्यंतचं काम, त्याच्या चार खेपा. त्यांच्या. शेरा, पेशंट तोंड उघडं असतानाही बोलते. डॉक्टरीणबाई हसल्या, "हे काय तोंडात सापडणार नाही," आणि धाकटीनं तोंडात आरसा असतानाच बोट वर करून खूण केली, तिचं. एकेक ओळ इकडून उचलून तिकडे जात होती. शेवटी डॉक्टरीणबाईंनी आरसा काढला, कारण मुलगी दारातून विचारत होती, "त्यांची फाइल झाली तयार. आता काय करू? बंद करू?"

"कर," धाकटी म्हणाली.

कीबोर्डचा बारीक आवाज आला. डॉक्टरीणबाईंनी, आलाच आहात तर, म्हणून पुन्हा आरसा घातला. मुलगी अजून पडद्याकडे बघत होती, धाकटीच्या फाइलीकडे. दोनदा दात साफ केलेले. एक छोटीशी भरलेली फट. खोट्या तक्रारींची मलमं.

"तुमचं फारच थोडं राहिलं की हो," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी हात थांबवला. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी निघून दोन्ही बाजूंनी कानांत चाललं होतं. "दुखलं का?" त्यांनी विचारलं. तोंड उघडं होतं, बोलता येत नव्हतं. तिनं मान हलवली. फार दुखत होतं.